त्याचं बाईचं काम

माझा आवाज मोठा आहे, आणि तो काही नाटकामुळे झालेला नाही. अंबरनाथला कारखान्याच्या ज्या चाळीत आम्ही राहायचो तिथे नळ एकच, आणि पाणी सकाळचं तेवढंच. तिथे हळू बोलणाऱ्या मुलीची घागर रिकामीच घरी यायची. कॉलेजात गेले त्या पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात एका टवाळाला मी असं झापलं, की शेजारच्या वर्गात शिकवत असलेल्या मराठीच्या सरांचा तास थांबला. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, झालं, आता दंड. तर म्हणाले, "गॅदरिंगच्या नाटकात काम करशील का?"

मी म्हटलं, "सर, शिक्षा करायची असेल तर सरळ करा ना!" सर हसत सुटले.

त्यानंतर जे घडलं त्यात माझी चूक नेमकी कुठे होती, ते मी या वयातही शोधत असते. सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, माफी मागून मोकळी झाले असते. आता ना धड चूक, ना धड माफी, आणि मन आपलं खातंय ते खातंच आहे.

आमचं कॉलेज उल्हासनगरला जुन्या लष्करी बराकींत भरायचं. लढाई संपली, सोल्जर गेले, फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेली माणसं राहायला लागली. त्यातल्या काही बराकी कॉलेजला मिळाल्या होत्या. वर पत्रा, मध्ये पत्र्याच्याच भिंती. एका वर्गात इतिहास चालला असला की पलीकडे गणितवाल्यांनाही तो पाठ व्हायचा. मुलं बहुतेक सिंधी, आम्ही मराठी मुलं अंबरनाथ-बदलापूरकडून येणारी, मूठभर. मुली तर त्याहून कमी. पण गॅदरिंगला सिंधी गाणी झाली की एक मराठी नाटक व्हायचंच. सर ते स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे आणि त्यापायी स्वतःचं जेवणही विसरायचे.

आता त्या नाटकात मुली नव्हत्या. बायकांची कामं मुलगेच करायचे, आणि मुलगे म्हणजे एकच मुलगा. बदलापूरला बेलवलीत त्याचं घर, भातशेतीवाली माणसं, घरी बोलताना 'ड-ढ'चा 'र' करणारी. रंगाने सावळा, अंगाने किडकिडीत, एरवी चार शब्द बोलताना अडखळायचा. पण लुगडं नेसून स्टेजवर आला की अगबाई! आदल्या वर्षी मी शाळेत होते, पण अण्णांबरोबर गॅदरिंग बघायला आले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील. नाटक अर्धं झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "ही कोण हो बाई?" आणि खरी गंमत पुढेच. हॉलमधल्या निम्म्याअधिक लोकांना मराठी कळतच नव्हतं. सिंधी बायका, म्हातारे, मुलं नुसती त्याची मान, त्याचे हात, त्याचं उठणं-बसणं बघायची आणि डोळे पुसायची. शब्द न कळता रडवायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

मी कॉलेजात गेले त्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, कॉलेजात मुली शिकत असताना मुलग्यांनी लुगडी नेसायची ही काही शोभेची गोष्ट नाही. सरांनाही ते पटलं. जमाना बदलतोय म्हणाले. पण मुली तयार कुठे होत्या? सिंधी मुलींना मराठी येईना, आणि ज्या दोघी-तिघींना येत होतं त्यांनी घरचं नाव काढून हात वर केले. राहिले मी. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, आणि खरं सांगायचं तर मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

अण्णांना विचारायला सर घरी आले. अण्णा कारखान्यात टाइमकीपर, नियमाला पक्के. त्यांनी चहा दिला, नाटकाची गोष्ट नीट ऐकून घेतली. लढाईवर गेलेला नवरा काही वर्षांनी परत येतो, बायको त्याला परका समजून दारातच पाणी देते, अशी गोष्ट. अण्णांनी विचारलं, "आणि नवरा कोण?" सरांनी एका दांडग्या मुलाचं नाव सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "मागच्या वर्षी ज्याने बाईचं काम केलं, तो मुलगा नवरा होणार असेल तर माझी हरकत नाही. आणि दिवेलागणीच्या आत पोर घरी पाहिजे."

का, ते आम्हाला सगळ्यांना कळलं. अण्णांच्या लेखी तो मुलगा म्हणजे जवळजवळ मुलगीच. त्याच्यापासून कसली भीती? मी आतल्या खोलीत उभी होते. मला तर इतका आनंद झाला की मी आईच्या गळ्यातच पडले. त्या बिचाऱ्याला काय वाटेल, हा विचार त्या घरात कुणाच्याही डोक्यात आला नाही.

आणि त्याला विचारलं तर तो खूश! मला खरंच वाटेना. मी म्हटलं, "तुमचं काम मी घेतलं आणि तुम्ही हसताय काय?"

तेव्हा त्याने सांगितलं. आधीची दोन वर्षं तो बाईचं काम करत होता, पण त्याच्या बापाने नाटक बघितलं नव्हतं. बाप वाईट नव्हता हो, पोराला कॉलेजात घालणारा तो गावातला पहिलाच. पण गावात देवळापुढे माणसं चिडवायची, पोराला लुगडं नेसवलं का म्हणून. त्याने पोराला सांगून टाकलं होतं, लुगडं आहे तोवर मी काही येणार नाही. "अवंदा येतील," तो म्हणाला. "पुरुषाचं काम आहे ना." स्टेजवर आपल्याला एकदा बापाने बघावं, एवढंच त्याला हवं होतं. टाळ्या त्याला दोन वर्षं मिळतच होत्या.

मग मला शिकवायचं कामही सरांनी त्यालाच दिलं. पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मी जन्माची बाई, आणि हा मला बाई शिकवणार! तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही बाई आहात, पण स्टेजवर दिसत नाही." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण त्याने उठून करून दाखवलं. आधी पदर सारखा करायचा आणि मग बोलायचं, बोलता बोलता नाही. दारात परका माणूस आला तर तोंडाकडे आधी बघायचं नाही, पायांकडे बघायचं. रडू आलं की आधी हाताला काहीतरी काम लावायचं, तांब्या उचलायचा, केर काढायचा, आणि ते काम होत नाही असं झालं की मग रडायचं. हे त्याला कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणे, भातलावणीच्या वेळी बांधावर बसून बायका बघायचो. मी जन्मभर बायकांत राहिले होते, मला एक दिसलं असेल तर शपथ.

त्याच्या स्वतःच्या कामाचं मात्र काही खरं नव्हतं. सैनिक म्हणून दारातून आला की त्याचा हात आपोआप खांद्याकडे जायचा, नसलेला पदर सावरायला. पाऊल जवळ पडायचं. आवाज वाक्याच्या शेवटी मऊ व्हायचा. मी एक दिवस त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, तुम्हाला हे जमत नाहीये. मी सरांना सांगते. अण्णांनी मला नाटकातून काढलं तर काढू देत." मनापासून सांगितलं मी. त्याने हात जोडले. "नका हो सांगू. मी घरी बोललोय. ते यायचं म्हणतायत."

गॅदरिंग दुपारचं होतं. बेलवलीहून बैलगाडी आली, भावकीतली माणसं भरून. त्याचा बाप पुढच्या सतरंजीवर बसला, धुतलेलं धोतर, नवी टोपी. पडद्याच्या फटीतून त्याने मला बोट दाखवून सांगितलं, "ते."

तो स्टेजवर गेला आणि हात खांद्याकडे गेला.

मघाशी म्हटलं ना, त्या हॉलमध्ये बरेच जण शब्द ऐकायला बसतच नसत. त्यांना दिसलं ते एवढंच, की मिशा लावलेला एक शिपाई ठुमकत आला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "अरे वाह, रानी!" झालं! सगळा हॉल खदखदला. मागच्या वर्षी डोळे पुसणारी तीच माणसं. तो थिजला. सरांनी विंगेतून वाक्य सांगितलं, ते त्याने म्हटलं, तर आवाज पार बाईचा निघाला. मग तर काय, लोक सतरंजीवर लोळायचे बाकी राहिले.

तेवढ्यात माझी एंट्री होती. पाण्याचा तांब्या घेऊन मी दारात आले, आधी पाय बघितले, पदर सारखा केला. हसू हळूहळू विरलं. हॉल गप्प झाला. माझ्या शेवटच्या प्रसंगाला कुणीतरी हुंदका दिलेला मला ऐकू आला, आणि पडदा पडताना टाळ्या अशा पडल्या, की वरचा पत्रा वाजला. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. तो माझ्या शेजारीच उभा होता, मिशी अर्धी सुटलेली, आणि मला फार छान वाटत होतं. त्या छान वाटण्याची आठवण आली की आजही मान खाली जाते.

नंतर त्याचा बाप आत आला. मी लुगड्यातच होते. मला वाटलं, आता पोराच्या कानाखाली वाजवणार. त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरा, मना काय त्यातला कलत नाय. पन हा काम तुजा नाय. लोक बोलतान, तू बाईचा काम लय भारी करतस. मी उगाच अरून बसलो. पुरच्या साली तो कर, मी येतो बगाला."

मी तिथेच होते. ज्याच्यासाठी तो बाप पुढच्या वर्षी येणार होता, ते काम त्याचंच लुगडं नेसून तिथेच उभं होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो बाबा, या."

दुसऱ्या दिवशी मी सरांशी भांडले. म्हटलं, एक तरी नाटक जुन्या पद्धतीने करा, त्याला ते काम द्या. सर म्हणाले, "अगं, तू काल मुलींसाठी दार उघडलंस, आणि आता तूच ते लावून घेतेस?" सरांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. चूक असतं तर मी त्यांना सोडलं नसतं. मग मी म्हटलं, मीच सोडते. तर तोच मला म्हणाला, "तुम्ही सोडलंत तर नाटकच होणार नाही. असं करू नका." आणि पुढच्या वर्षी तो पडद्याची दोरी ओढायला राहिला. तालमीला सगळ्यांच्या आधी यायचा, झाडून घ्यायचा, माझं काही चुकलं की खालच्या आवाजात सांगायचा. रागावला असता, टोमणा मारला असता तर मी सुटले असते. त्याने तेवढंही केलं नाही.

त्या वर्षीच्या नाटकात मी आईचं काम करत होते. पोराचं पत्र येत नाही म्हणून काळजीत पडलेली आई, चुलीपुढे बसते आणि भाकरी थापता थापता रडते, असा प्रसंग होता. तो त्याने मला महिनाभर घोटवून घेतला होता. नाटकाच्या दुपारी मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पुढच्या सतरंजीवर त्याचा म्हातारा बाप बसला होता. या वेळी एकटाच. वर्षभरात पार थकला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू दिसत होता.

मी धावत दोरीपाशी त्याच्याकडे गेले. "अहो, तुमचे वडील आलेत! तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. "रोज विचारत होते, कधी आहे, कधी आहे."

घंटा झाली. मला स्टेजवर जावं लागलं. पहिल्या प्रसंगात काय बोलले ते मला आठवत नाही. चुलीपुढे बसले, हातात पिठाचा गोळा घेतला आणि हॉल शांत झाला. त्या शांततेत म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत ऐकू आला. शेजारच्या सिंधी गृहस्थाला कोपराने ढोसून तो सांगत होता, "तो माजा पोर हाय! बाई नाय तो, माजा पोर हाय!"

माझा हात थापता थापता थांबला. विंगेत बघितलं तर तो दोरी धरून उभा. त्याने मान हलवली. थांबू नका, चालू द्या. दुसऱ्या हाताने त्याने हवेत भाकरी थापून दाखवली. मग मी त्याच्याकडे बघत बघतच तो प्रसंग केला. तो मान वळवेल तशी वळवली, तो थांबेल तशी थांबले. माझं असं त्यात काहीच राहिलं नाही.

पडदा पडला तोच तो धावत आला. "बाबा आत येतील. तुम्ही जरा..." मी म्हटलं, "इकडे या." रंगाच्या डब्यातलं पांढरं दोन बोटं त्याच्या गालांवर ओढलं, माझ्या कपाळावरचं कुंकू ओलं होतं, ते अंगठ्याने त्याच्या कपाळावर टेकवलं. काजळ लावायला वेळ नव्हता. पावलं वाजली आणि मी पत्र्याच्या भिंतीमागे घुसले. चोरासारखी. ते लुगडं, तो अंबाडा, सगळं अंगावर तसंच होतं, आणि म्हाताऱ्याच्या नजरेला मला पडायचं नव्हतं.

"लुगरं सोरलास पन?" म्हाताऱ्याचा आवाज आला.

"गरम होत होतं, बाबा."

"आवाज तर पार बाईचा काराला रे! मना वाटला, तुजी आय बसलीय चुलीपुरं. मेल्यापासना पैल्यांदा दिसली मना." मग म्हणाला, "मी येरा. दोन वर्सं घालवली."

पत्र्याला डोकं टेकून मी उभी होते. ते शब्द ज्याचे होते त्यालाच मिळाले, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, हे सगळं त्याला खरोखरचं मिळायला हवं होतं, लुगडं नेसून, हॉलभर लोकांपुढे, आणि ते मी खाऊन बसले. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "मना लांबून नीट दिसला नाय. येकदा जवल करून दाव ना तो, भाकरीचा."

आता काय करणार हा? शर्ट-पायजम्यात?

मग हातावर हात थापल्याचा आवाज सुरू झाला, हलका, एका लयीत. मध्येच तो चुकला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा चुकला. मग तो बोलला. माझीच वाक्यं. माझीच म्हणते मी, बघा! ती मी इतक्या वेळा म्हटली होती, आणि ती अशी असतात हे मला माहीतच नव्हतं. तो रडला नाही. हात थांबले फक्त. आणि माझ्या डोळ्यांना धार लागली, नुसतं ऐकून, न बघता.

मग म्हाताऱ्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

तेवढं सुंदर काम मी कधी केलं नाही आणि पुढेही मला ते जमलं नाही. ते एका अधू डोळ्याच्या म्हाताऱ्याने बघितलं आणि मी लपून ऐकलं, बाकी कुणाला त्याचा पत्ताही नाही. पडद्यापलीकडे पुन्हा टाळ्या पडत होत्या, आणि सर मला पुढे या, पुढे या म्हणून हाका मारत होते.